इंजिन बंद पडल्याचा सराव: खऱ्या विमानात किती, सिम्युलेटरवर किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोंदियाजवळच्या बिरसीत वैमानिक घडवणारी संस्था आल्यापासून पूर्व विदर्भात शिकाऊ विमान ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. गावकरी, पालक आणि नुकतेच उडायला लागलेले विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडा ज्या विमानाचा आहे त्याचं नाव सोबत दिलंय. तुम्ही उडवता त्या विमानाचे आकडे त्याच्याच हँडबुकातून घ्या.

आमच्या वावरावर आलं की विमानाचा आवाज एकदम बसतो. ते खाली खाली येतं आणि मग गुरगुरत पुन्हा वर जातं. इंजिन बिघडतं का?

नाही. तो फोर्स्ड लँडिंगचा, म्हणजे इंजिन गेल्यावर मोकळ्या जागी उतरण्याचा सराव असतो. प्रशिक्षक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण मागे ओढतो. इंजिन बंद होत नाही, मंद फिरत राहतं. विद्यार्थ्याने वाऱ्याची दिशा ओळखायची, एक वावर निवडायचं आणि विमान तरंगत तिथपर्यंत आणायचं. वावर हाताशी आलं की नाही हे कळलं, की प्रशिक्षक ‘गो अराउंड’ म्हणतो आणि विमान पुन्हा चढतं. मधूनमधून दोन-तीन सेकंद इंजिन मोठ्याने बोलतं, ते सिलिंडर गरम ठेवण्यासाठी.

सर्वसाधारण नियम असा की मोकळ्या भागात ५०० फुटांच्या खाली यायचं नाही आणि वस्तीवर सर्वांत उंच अडथळ्याच्या वर १,००० फूट राखायचे. एखादं विमान वारंवार झाडाच्या शेंड्यांइतकं खाली येत असेल तर तारीख, वेळ, रंग आणि जमलं तर विमानावरची ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं लिहून ठेवा आणि विमानतळाच्या कार्यालयात कळवा. ही तक्रार शिकणाऱ्या पोरांच्याही भल्याची असते.

सिम्युलेटर (जमिनीवरचं नकली कॉकपिट) असताना हा खेळ खऱ्या विमानात कशाला?

काही गोष्टी शरीराला कळाव्या लागतात म्हणून. थ्रॉटल मागे गेल्यावर विमानाचं नाक आपोआप खाली झुकतं, वाऱ्याचा आवाज बदलतो, हँडल ढिलं लागतं, पोटात खड्डा पडतो. त्या क्षणी हात मागे ओढला जाऊ नये ही सवय खुर्ची न हलणाऱ्या खोलीत लागत नाही. खरं वावर, खरा वारा, खऱ्या तारा पडद्यावर नीट दिसतही नाहीत.

याउलट काही बिघाड असे आहेत की त्यांचा सराव विमानात करणं हाच बिघाडापेक्षा मोठा धोका. इंजिनाला आग, कॉकपिटमध्ये धूर, चाक जमिनीवरून सुटल्यावर लगेच इंजिन जाणं, रात्री एक इंजिन जाणं. हे सिम्युलेटरचं काम. कोणता सराव कुठे करायचा हे ठरवताना आम्ही एकच प्रश्न विचारतो: विद्यार्थी इथे चुकला आणि प्रशिक्षकाला दोन सेकंद उशीर झाला, तर काय होईल? उत्तर ‘थोडी उंची जाईल’ असेल तर विमान. उत्तर ‘जमीन’ असेल तर सिम्युलेटर.

सराव करताना खरोखर माणसं गेली आहेत का?

गेली आहेत, आणि आपल्याच देशात. ८ मार्च १९९४ रोजी दिल्लीत सहारा एअरलाइन्सचं बोईंग ७३७-२०० प्रवाशांविना प्रशिक्षण उड्डाण करत होतं. चाक टेकवून पुन्हा उडाल्यावर एका इंजिनाची शक्ती मुद्दाम कमी केली. शिकणाऱ्याने चुकीच्या बाजूचा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची फळी, ती पायाने चालवतात) दाबला. प्रशिक्षकाने आपले पाय रडर अडवण्याच्या तयारीत ठेवले नव्हते. विमान कलंडलं आणि आंतरराष्ट्रीय टर्मिनलकडे उभ्या असलेल्या रशियन विमानावर कोसळलं. विमानातले ४ आणि जमिनीवरचे ५ असे ९ जण गेले.

त्याआधी, ३० मार्च १९६७ रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला डेल्टा कंपनीचं डीसी-८ विमान चारपैकी दोन इंजिनं गेल्याचं सोंग करून उतरत होतं. ते घरांवर आणि एका हॉटेलवर पडलं. विमानातले ६ आणि खालचे १३ जण गेले. खालच्यांमध्ये सहलीला आलेल्या शाळकरी मुली होत्या. साठच्या दशकाच्या अखेरीस असे अपघात एकामागून एक झाले, आणि मोठ्या विमानांचा हा सराव सिम्युलेटरवर नेण्यामागे ते एक मोठं कारण होतं.

तिसरं उदाहरण बारकाव्याचं आहे. २२ मार्च २०१० रोजी ऑस्ट्रेलियात डार्विनला एम्ब्रेअर ब्राझिलिया विमान उडताच प्रशिक्षकाने एका इंजिनाचा लीव्हर पार ‘फ्लाइट आयडल’पर्यंत, म्हणजे हवेतल्या किमान शक्तीपर्यंत, मागे घेतला. इंजिन गेल्याचं सोंग करायचं तर लीव्हर ‘झिरो थ्रस्ट’वर ठेवायचा असतो. म्हणजे पंखा (प्रोपेलर) ओढतही नाही आणि अडवतही नाही अशी स्थिती. त्यापेक्षा मागे नेला की पंखा ताटासारखा वाऱ्याला आडवा होतो आणि खऱ्या बिघाडापेक्षाही जास्त अडवतो. दोन्ही वैमानिक गेले.

तिन्ही ठिकाणी विमान धडधाकट होतं.

खोटा बिघाड खरा कसा होतो?

याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

पहिली वाट इंधनाची. इंजिन ‘बंद’ करायला काही जण मिक्श्चर (इंधन आणि हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा) ओढतात किंवा इंधनाचा व्हॉल्व्ह फिरवतात. उंचावर, धावपट्टी हाताशी असताना हे कधी चालतं. खाली कधीच नाही. मिक्श्चर ओढून थांबवलेलं इंजिन परत सुरू होईलच असं नाही. सर्किटच्या, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीच्या, उंचीवर फक्त थ्रॉटल, दुसरं काही नाही.

दुसरी, कार्ब्युरेटरमधलं बर्फ. हे जुलै-ऑगस्टच्या विदर्भाला अगदी लागू पडतं, म्हणून खाली वेगळं लिहिलंय.

तिसरी, गार पडलेलं इंजिन. दोन-तीन हजार फूट सलग आयडलवर तरंगलं की इंजिन थंडावतं आणि थ्रॉटल फाडकन पुढे ढकलला की ते खोकतं. दर ५०० ते १,००० फुटांवर थोडी शक्ती द्या, आणि ‘गो अराउंड’ला थ्रॉटल दोन सेकंद मोजत पुढे न्या.

चौथी, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली घेता येणाऱ्या फळ्या. शेवटी फ्लॅप पूर्ण खाली घेतलेले असतात. वर जाताना ते तसेच राहिले तर विमान चढत नाही, एकदम काढले तर बसतं. एकेक टप्पा, वेग पाहून.

पाचवी सगळ्यात साधी आणि सगळ्यात वाईट: दोघांनाही वाटतं की हँडल दुसऱ्याकडे आहे. म्हणून ‘आय हॅव कंट्रोल’, ‘यू हॅव कंट्रोल’ आणि पुन्हा ‘आय हॅव कंट्रोल’ हे तीन वेळचं बोलणं सरावात कंटाळा येईपर्यंत करायचं. आणि खरी गडबड वाटली तर ‘हा सराव नाही’ असं स्पष्ट म्हणायचं. मराठीत म्हटलं तरी हरकत नाही, दोघांना कळलं म्हणजे झालं.

पावसाळ्यात तापमान २६ अंश. मग बर्फ कुठून?

कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीत हवा वेगाने जाते आणि पेट्रोलची वाफ होते. दोन्हींमुळे तिथलं तापमान २० अंशांपेक्षाही जास्त खाली येऊ शकतं. बाहेर २६ अंश आणि हवा ओलीचिंब, म्हणजे आत थेट गोठणबिंदू. थ्रॉटल बंद असताना धोका जास्त, कारण झडपेच्या फटीत थोडं बर्फही वाट अडवायला पुरतं. सराव म्हणजे नेमकी हीच स्थिती.

सेस्ना १५२ आणि १७२ ची जुनी मॉडेलं कार्ब्युरेटरवर चालतात. त्यांच्यात थ्रॉटल मागे घेण्याआधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढायची, तरंगणं संपेपर्यंत तशीच ठेवायची आणि वर जाताना पूर्ण शक्ती दिल्यावर बंद करायची. बर्फ असेल तर हीट ओढल्यावर आरपीएम आधी आणखी पडतो, इंजिन खडखडतं, मग हळूहळू आरपीएम वर येतो. त्या खडखडाटाला घाबरून हीट बंद करणं ही विद्यार्थ्यांची ठरलेली चूक.

१७२ ची आर आणि एस मॉडेलं इंजेक्शनची आहेत आणि डिझेलवर चालणाऱ्या डीए-४० विमानाला कार्ब्युरेटरच नाही, त्यामुळे तिथे ही भानगड नाही. पण अशा विमानांवर शिकून पुढे जुनी सेस्ना हातात आली की हीटचा हात आठवत नाही. सिम्युलेटरवर हा बिघाड लावून घ्या. आरपीएम सावकाश उतरत जाणं तिथे अगदी बिनधोक पाहता येतं.

मे महिन्यात ४५ अंशांत सराव करावा का?

सकाळी साडेआठच्या आत करा. हिशेब पाहा. नागपूर-गोंदियाचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर, म्हणजे १,००० फूट. उन्हाळ्यात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे दाबावरून काढलेली उंची, १,३०० फुटांच्या आसपास जाते. त्या उंचीला प्रमाण तापमान साधारण १२ अंश, बाहेर ४५. फरक ३३ अंश. दर अंशाला १२० फूट धरले तर जवळजवळ ४,००० फूट वाढले. म्हणजे धावपट्टीवर उभं असतानाच विमानाला वाटतं की आपण ५,००० फुटांवर आहोत.

ही गोष्ट दोन इंजिनांच्या विमानात जीवघेणी ठरते. पायपर सेमिनोलची पूर्ण वजनाला एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग ३,८०० फूट आहे. तिथे ते मिनिटाला जेमतेम ५० फूट चढतं. आता मे महिन्याच्या दुपारी पूर्ण वजनाने उडालात आणि प्रशिक्षकाने ३०० फुटांवर एक थ्रॉटल मागे घेतला, तर कागदावरच विमान चढत नाही. विद्यार्थी कितीही हुशार असो.

सिम्युलेटरवर मात्र तापमानाच्या खान्यात ४५ टाका आणि हाच सराव करा. बहुतेक ठिकाणी तापमान १५ अंशांवरच राहिलेलं असतं, कुणी बदलतच नाही. मग विद्यार्थ्याला वाटतं एका इंजिनावर विमान छान चढतं.

दोन इंजिनांच्या विमानात एक इंजिन घालवण्याचा सराव कसा करतात?

आधी व्हीएमसी समजून घ्या. एक इंजिन पूर्ण शक्तीवर आणि दुसरं बंद असेल तर विमान बंद इंजिनाकडे वळू पाहतं. रडर त्याला रोखतो. वेग एका मर्यादेखाली गेला की रडर पुरत नाही आणि विमान त्या बाजूला उलटायला लागतं. ती मर्यादा म्हणजे व्हीएमसी, एअरस्पीड इंडिकेटरवरची लाल रेघ. सेमिनोलमध्ये ५६ नॉट. निळी रेघ ८८ नॉट, म्हणजे एका इंजिनावर सर्वांत चांगली चढण देणारा वेग. मुद्दाम इंजिन घालवायचं तर ८२ च्या खाली नाही, हा उत्पादकानेच दिलेला आकडा आहे.

जमिनीवर धावताना सराव करायचा असेल तर व्हीएमसीच्या निम्म्या वेगाआधी थ्रॉटल ओढायचा आणि ताबडतोब दोन्ही थ्रॉटल बंद करून थांबायचं. हवेत, ३,००० फुटांखाली फक्त थ्रॉटलने सोंग करायचं आणि ‘फेदर केलं’ (पंख्याची पाती वाऱ्याला धारेने केली) असं सांगितल्यावर झिरो थ्रस्ट लावायचा. पंखा खरंच फेदर करून इंजिन थांबवायचं तर ३,००० फुटांच्या वर, दिवसा, विमानतळाच्या आवाक्यात. व्हीएमसी दाखवण्याचा सरावही ३,००० फुटांच्या वरच संपला पाहिजे.

इथे एक खाच आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती उंचीवर घटते, त्यामुळे व्हीएमसीही घटते. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचा, वेग मात्र इंडिकेटरवर तेवढाच राहतो. सेमिनोलमध्ये दोन्ही मुळातच जवळजवळ आहेत. म्हणजे उंचावर किंवा उन्हाळ्यात नाक वळण्याआधी स्टॉल होतो, तोही एका बाजूची शक्ती पूर्ण असताना. त्यातून विमान थेट स्पिनमध्ये जातं, म्हणजे गरगरत खाली येतं. स्टॉलचा भोंगा वाजला किंवा दिशा ढळली, यातलं जे आधी होईल तिथे थांबा: चालू इंजिनाची शक्ती कमी, नाक खाली.

बंद इंजिन ओळखणं हा भाग मात्र पूर्णपणे सिम्युलेटरचा. ‘डेड लेग, डेड इंजिन’: जो पाय रिकामा तिकडचं इंजिन गेलं. ओळखा, त्या बाजूचा थ्रॉटल मागे घेऊन खात्री करा, मगच फेदर. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईला ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानात उड्डाणानंतर एक इंजिन गेलं आणि वैमानिकाने चालू इंजिन बंद केलं. ४३ जण गेले. ही चूक हातातून घालवायला पन्नास वेळा उजळणी लागते, आणि पन्नास वेळा खरं विमान तसं उडवणं परवडत नाही. पैशानेही नाही आणि जिवानेही नाही.

उडाल्यावर लगेच इंजिन गेलं तर मागे वळून धावपट्टीवर येता येतं का?

कमी उंचीवर नाही. समोर, डाव्या-उजव्या तीस अंशांत जे मिळेल तिथे उतरा.

कारण आकड्यांत आहे. मागे वळायला १८० अंश पुरत नाहीत. वळणात विमान बाजूला सरकतं, म्हणून धावपट्टीच्या रेषेवर यायला आणखी चाळीस-पन्नास अंश लागतात. सेस्ना १७२ एसचा फ्लॅप वर असताना स्टॉलचा वेग ४८ नॉट आणि तरंगण्याचा वेग ६८ नॉट. ४५ अंश कलंडलं की स्टॉल ५७ वर येतो. घाईत ६० अंश कलंडलं तर ४८ गुणिले १.४१, म्हणजे ६८. तुम्ही ज्या वेगाने तरंगताय त्याच वेगाला स्टॉल.

सराव असा करा: सिम्युलेटरवर ३००, ५००, ७००, ९०० फुटांवर इंजिन घालवून पाहा, आणि इंजिन गेल्यावर चार सेकंद हात न लावता बसा, कारण खऱ्या प्रसंगात माणूस तेवढा वेळ गोंधळलेलाच असतो. मग खऱ्या विमानात ३,००० फुटांवर ‘हीच जमीन’ असं ठरवून तेच वळण घ्या आणि किती उंची गेली ते लिहा. खऱ्या धावपट्टीवरून, कमी उंचीवर हा सराव करू नका.

बाकीचे सराव कुठे?

स्टॉल विमानातच, निदान १,५०० फूट हाताशी ठेवून बाहेर पडता येईल अशा उंचीवर. विद्यार्थी प्रत्येक वेळी आधी खाली आणि आजूबाजूला विमान आहे का ते पाहतो की नाही, हे प्रशिक्षकाने डोळ्यांत तेल घालून बघायचं. स्पिन फक्त परवानगी असलेल्या विमानात. सेस्ना १५२ ला आहे, डीए-४० ला मनाई आहे, आणि ‘एकदा बघू’ म्हणून त्यात स्पिन करणाऱ्याजवळ बसू नये. छोट्या सिम्युलेटरवरचा स्पिन म्हणजे नुसतं चित्र.

फ्लॅपशिवाय उतरणं विमानात खुशाल करा. वीज जाणं, स्क्रीन काळा पडणं सिम्युलेटरवर. विमानात करायचंच तर स्क्रीनचा प्रकाश कमी करा किंवा पुठ्ठा लावा. सर्किट ब्रेकर ओढू नका: तो स्विच म्हणून बनवलेला नसतो, वारंवार ओढून खराब होतो, आणि त्याच वायरवर आणखी काय काय आहे हे ओढल्यावर कळतं. आगीची कृती विमानात फक्त बोट लावून म्हणायची, काहीही फिरवायचं नाही.

सिम्युलेटर चुकीचं शिकवू शकतो का?

शिकवतो. आणि तिथे कुणी मरत नाही, म्हणून चूक पकडलीही जात नाही.

१२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० पुढच्या विमानाच्या भोवऱ्यात हललं. सहवैमानिकाने रडर जोरजोरात दोन्ही बाजूंना दाबला, शेपटीचा उभा पंख तुटला आणि २६५ जण गेले. तपासात ए-३०० च्या रडरच्या रचनेबरोबर कंपनीच्या प्रशिक्षणातल्या काही भागालाही दोष दिला गेला. त्यातल्या सिम्युलेटरच्या सरावात विमान मोठ्या कोनात कलंडेपर्यंत कंट्रोलचा परिणाम काही क्षण दाबून ठेवला जाई. साहजिकच शिकणाऱ्याला वाटे, असा भोवरा आला की खूप दाबावं लागतं.

दुसरं, सिम्युलेटर मोजून आणलेल्या आकड्यांवर चालतो. खोल स्टॉलसारखे आकडे बहुतेक विमानांचे मोजलेलेच नसतात. तिथे अंदाज भरलेला असतो. २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन कंपनीचं विमान स्टॉल होऊन पडलं आणि ५० जण गेले. त्यानंतर अमेरिकेने पूर्ण स्टॉलचा सराव सक्तीचा केला आणि त्यासाठी सिम्युलेटरची गणितं सुधारायला लावली. ही सक्ती २०१९ पासून लागू झाली. बोईंग ७३७ मॅक्सच्या अपघातांनंतरही उघड झालं की हाताने फिरवायच्या ट्रिम चाकाला (नाक वर-खाली स्थिर ठेवणाऱ्या चाकाला) जेवढा जोर खऱ्या विमानात लागतो तेवढा सिम्युलेटरमध्ये लागत नव्हता.

तिसरं रोजचं आहे. सिम्युलेटरमध्ये बसताना पोराला माहीत असतं की आज इंजिन जाणार. पाय आधीच ताठ असतो. म्हणून चांगला प्रशिक्षक तीनपैकी दोन उड्डाणांत काहीच बिघडवत नाही.

आणि न्यायाने सांगायचं तर विमानातला सरावही थोडा फसवतो. आयडलवरचं इंजिन किंचित ओढत असतं. खरं बंद पडलेलं इंजिन ओढत नाही, वाऱ्याने फिरणारा पंखा उलट अडवतो. सरावात जे वावर आरामात हाताशी येतं ते खऱ्या वेळी थोडं दूर पडेल. १७२ एससाठी हँडबुक वारा नसताना १,००० फुटांना दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर देतं. निवड करताना दोनच किलोमीटर धरा.

हलणारा सिम्युलेटर आणि साधा सिम्युलेटर, फरक काय?

सर्वांत वरची श्रेणी लेव्हल डी: सहा पायांवर हलणारी केबिन, १८० अंशांचं दृश्य, खरं कॉकपिट. ती विमान कंपन्यांच्या विमानांसाठी असते. दिल्ली परिसर, बंगळूर, हैदराबाद अशा ठिकाणी. फ्लाइंग स्कूलमध्ये बहुधा स्थिर यंत्र असतं. त्यावर चेकलिस्ट, इन्स्ट्रुमेंटवर उडणं, रेडिओ, बिघाड ओळखणं हे उत्तम होतं. शरीराला नाक वळल्याचं मात्र कळत नाही, म्हणून तिथे बॉलकडे (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या गोळीकडे) पाहायची सवय लावा. आणि हलणारी केबिनसुद्धा सलग गुरुत्वबल देऊ शकत नाही. ती मागे झुकून पाठीला वेगाचा भास देते, एवढंच.

विदर्भात उतरायला कोणतं वावर बरं?

महिना पाहून उत्तर बदलतं. मार्च ते मेमध्ये सोयाबीन किंवा हरभरा निघालेलं रिकामं वावर सर्वांत बरं, पण काळ्या मातीच्या भेगांत पुढचं चाक अडकू शकतं. नाक शेवटपर्यंत वर धरा. नांगरलेलं असेल तर तासांच्या दिशेने उतरा, वारा थोडा बाजूने आला तरी चालेल. पावसाळ्यात काळी माती टाळा. चाक रुततं आणि विमान पालथं होतं. तेव्हा मुरमाड माळ किंवा गवताळ पडीत शोधा.

गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या बांध्या वरून सपाट हिरव्या दिसतात, पण प्रत्येक बांधीला बांध आहे आणि बांधी लहान. पर्याय नसेल तर लांब बाजू धरून, कमीत कमी वेगाने. उभी तूर आणि पऱ्हाटी (कपाशी), दोन्ही पिकं चाकांना ओढतात. डिसेंबरातली तूर डोक्याएवढी असते आणि तिच्या आड धुरा, गोटे, विहीर काहीही लपतं.

तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. वावरात डीपी दिसली की तिच्यापासून दोन्हीकडे खांबांची रांग शोधा. कृषीपंपाची लाइन हमखास वावर आडवं कापते. वारा ओळखायला वीटभट्टीचा धूर, बोडीतल्या पाण्याच्या लाटा किंवा झेंडा. तलावाचा जो काठ गुळगुळीत दिसतो तिकडून वारा येतो.

सिम्युलेटरच्या पडद्यावर यातलं काही नसतं. जमिनीवर असताना, एसटीने जातानासुद्धा, ‘इथे उतरता येईल का’ हे बघण्याची सवय लावा. फुकट सराव आहे.

खरंच विमान वावरात उतरलं तर गावकऱ्यांनी काय करावं?

११२ ला फोन, जखमी असतील तर १०८. पंख्याजवळ जाऊ नका. थांबलेला पंखाही अचानक फिरू शकतो. इंधनाच्या टाक्या पंखांत असतात, त्यामुळे बिडी, मोटारसायकल, ट्रॅक्टर पन्नास मीटर लांब. तार तुटून पडली असेल तर आधी लाइनमनला फोन करून लाइन बंद करून घ्या. आग किंवा धूर नसेल तर आतल्या माणसाला ओढून काढू नका, पाठीला इजा असू शकते, बोलत राहा. तुटलेले तुकडे आठवण म्हणून घरी नेऊ नका, तपासाला ते लागतात.

घरच्या कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटर उपयोगी आहे का?

कृतीचा क्रम, रेडिओवरचं बोलणं, नकाशा यासाठी हो. विमान हाताळायला शिकण्यासाठी नाही. घरी शिकून आलेली पोरं नजर सारखी घड्याळांवर ठेवतात, बाहेर बघत नाहीत. पायही मेलेले असतात, कारण घरी रडर पेडल नसतात. पॉझचं बटण वापरू नका. खेड्यात लाइन गेल्यावर आपोआप होतो तेवढा पॉझ पुरे.

सिम्युलेटरचे तास परवान्यात धरतात का?

मर्यादेतच, आणि फक्त डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची) मान्यता असलेल्या यंत्राचे. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या ४० तासांपैकी २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. घरचे तास शून्य.

मुलीला फ्लाइंग स्कूलला घालायचं आहे. या बाबतीत काय विचारू?

फी विचारून झाल्यावर हे विचारा. इंजिन गेल्याचा सराव किती उंचीखाली करत नाहीत, आणि ते लेखी आहे का? दोन इंजिनांच्या विमानाआधी सिम्युलेटरवर किती तास देतात? त्या सिम्युलेटरची मान्यता कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि तो गेल्या महिन्यात किती दिवस बंद होता? एक प्रशिक्षक दिवसाला किती उड्डाणं करतो? दुपारी चारला पाचव्या उड्डाणावर असलेल्या माणसाचे पाय रडरवर वेळेत जात नाहीत. उन्हाळ्यात किती वाजेपर्यंत उडवतात? लेखी उंची न दाखवता ‘आमचे प्रशिक्षक अनुभवी आहेत’ एवढंच सांगितलं, तर दुसरी संस्था बघा.

विमान कंपनीत गेल्यावर हा धोका संपतो का?

इंजिन घालवण्याचा सराव तिथे सिम्युलेटरवरच होतो, वर्षातून दोनदा तपासणीसह. नव्या वैमानिकाला खऱ्या विमानात काही वेळा फक्त उतरून-उडून दाखवावं लागतं, आणि त्या वेळी इंजिनाला कुणी हात लावत नाही.